तपासण्या नॉर्मल आल्या, तरी माणूस बरा नसेल तर?

‘डॉक्टर, डोस्कं जड झालंय, झोपच लागंना, अंगात ताकद न्हाई.’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्री परिसरात रुग्ण तपासताना ही तक्रार नेहमी कानावर येते. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी सगळं होतं, रिपोर्ट चांगले येतात. मग पित्ताची गोळी, ताकदीचं सलाईन आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच दुखणं. अशा वेळी मी दोन प्रश्न विचारतो. गेले दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असतं का? पूर्वी आवडायच्या गोष्टींतलं मन उडालंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर मनाची नीट चौकशी व्हायला हवी.

नैराश्य आपल्याकडे बहुतेकदा शरीराच्या तक्रारी घेऊनच दवाखान्यात येतं. दुखणं खरंच असतं, कोणी सोंग करत नसतं. घरच्यांच्या मात्र ते आधी लक्षात येऊ शकतं. पहाटे धारेला उठणारा माणूस तीनपासून जागा असतो, पण अंथरूण सोडत नाही. डेअरीला दूध घालायला पोराला पाठवतो. ताटावर बसतो आणि दोन घास खाऊन उठतो. कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आलेला, उसाला तोड कधी मिळणार म्हणून एरवी सगळ्यांच्या मागे लागणारा हा गडी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून कूस बदलतो. घरातले म्हणतात, आळशी झालाय. बाईमाणसाच्या बाबतीत ‘चिडकी झालीय’ म्हणून विषय मिटतो. बाळंतिणीचं रडू थांबेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तिला दोष देऊ नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो.

कारणं अनेक असतात. घराण्यात असा आजार असणं, कर्जाचा ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू, लांबलेलं आजारपण, दारू. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पाऊस वाढला की छातीत धडधडणारी माणसंही आपल्या जिल्ह्यात आहेत. थायरॉईड, रक्ताची कमतरता किंवा बी-12 कमी असल्यानेही थकवा आणि उदासी येते, म्हणून त्या तपासण्या जरूर कराव्यात. झोप लागावी म्हणून रोज घेतलेली दारू मात्र झोपही बिघडवते आणि नैराश्यही वाढवते.

उपचार आहेत आणि ते चालतात. सौम्य आजारात समुपदेशन पुरतं, जास्त असेल तर गोळ्या लागतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केल्या तर आजार उलटू शकतो, त्यामुळे बरं वाटू लागल्यावरही त्या सहसा सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवतात. या गोळ्यांची चटक लागत नाही. बीपी-शुगरची गोळी आपण लपवून घेत नाही, हीसुद्धा लपवायचं कारण नाही.

आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जरूर जा, भंडारा लावा. श्रद्धेनं मनाला धीर येतो, त्याच्या जोडीनं औषधही चालू ठेवा. पण भूत उतरवायचं म्हणून कोणी माणसाला बांधत, मारत किंवा मिरचीची धुरी देत असेल तर त्याला थांबवा. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

कोणी ‘आता जगून काय करू’ म्हणालं तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, तणनाशक आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोलिसांच्या भीतीनं उपचार लांबवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतात, तिला शिक्षा होत नाही.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना मानसिक आजार आढळला. त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. आपली गावं याला अपवाद नाहीत. म्हणून हा विषय दूध संस्थेत, बचत गटात, तरुण मंडळात आणि कॉलेजात उघड बोलला गेला पाहिजे. ‘कासव’ हा मराठी चित्रपट नैराश्यावर आहे, तो एकत्र बसून बघा आणि नंतर बोला. 10 ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनापुरतं हे बोलणं राहू नये.

मदत कुठे मिळेल? आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे, नंबर 14416. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या प्रत्येकाला द्या.