मालाचे फोटो आणि रंगाचा ठरलेला नुस्खा

कापडाचा सौदा पूर्वी हातात माल घेऊन होई. ग्राहक ठाण उचलून दुकानाच्या दारात उजेडाला नेई, रंग पारखी आणि मगच भाव बोले. आता मालेगावची साडी परगावचा व्यापारी मोबाईलवर फोटो पाहून मागवतो. फोटोत मोरपंखी दिसलेली साडी पार्सलमध्ये हिरवी निघाली, तर माल परत येतो, भाडे अंगावर पडते आणि भरवसा जातो तो वेगळाच. म्हणून फोटोत खरा रंग येणे ही हौस नव्हे, धंद्याची गरज आहे.

रंगात तफावत का पडते? पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा. पांढरे कशाला म्हणायचे, हे मोबाईल अंदाजाने ठरवतो. समोर लाल ठाण आले की त्याचा अंदाज एक, निळे आले की दुसरा. काळे कापड तो राखाडी दाखवतो आणि पांढरे मळकट. प्रत्येक फोटो हाताने दुरुस्त करायचा म्हटले, तर दोनशे साड्यांना दिवस पुरत नाही.

यावर उपाय म्हणजे 'प्रीसेट'. रंगारी आपल्या वहीत प्रत्येक छटेचे माप लिहून ठेवतो, तसेच हे आहे. प्रीसेटमध्ये फोटो साठत नाही, फक्त दुरुस्तीचे आकडे साठतात. ते पुढच्या फोटोला एका टिचकीत लागतात. तो तयार करण्याची रीत अशी :

१) फोटोची जागा आणि उजेड कायम ठरवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नका.

२) मोबाईलच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वरून काढून एका आकड्यावर बांधा. आयएसओ आणि शटरही तसेच बांधा.

३) पहिला फोटो कापडाजवळ ग्रे कार्ड ठेवून काढा. साध्या पांढऱ्या कागदावर विसंबू नये. अनेक कागदांत चमक आणणारे द्रव्य असते, त्यामुळे निळसर झाक येते.

४) अडोबच्या लाइटरूममध्ये तो फोटो उघडा. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कार्डावर टेकवा आणि मग उजेड कमीजास्त करा.

५) तीन टिंबांच्या मेनूतून 'क्रिएट प्रीसेट' निवडा. फक्त रंग आणि उजेड यांवरच खूण ठेवा. नाव असे द्या की महिन्याने पाहिले तरी कळेल : 'खिडकी-सकाळ-सुती'.

गूगलच्या स्नॅपसीडमध्ये हीच सोय 'लुक्स' या नावाने आहे.

सूत बदलले की रंगाऱ्याचे जुने माप चुकते. त्याचप्रमाणे उजेड बदलला की जुना प्रीसेट चुकतो. खिडकीचा वेगळा आणि दिव्याचा वेगळा, असे दोन प्रीसेट ठेवावेत. जरीच्या मालावर चकाकी येते, तिच्यासाठी तिसरा करावा. तयार फोटो खऱ्या कापडाशेजारी धरून दिवसाच्या उजेडात ताडून पाहावा. त्या वेळी मोबाईलचा पडदा पिवळसर करणारी रात्रीची सोय बंद असावी.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. रंग गडद करण्याची पट्टी हाताशी असते, आणि फिकट माल तिने झगझगीत दिसतो. एका ठाणाचा ऐब झाकणारा दुकानदार एकाच ग्राहकाला फसवतो. असा प्रीसेट मात्र दोनशे फोटोंत तेच खोटे एका टिचकीत पसरवतो, आणि परत आलेले पार्सल त्याचा हिशेब चुकता करते.

खरे केलेले फोटोही समोरच्याच्या मोबाईलवर थोडे वेगळे दिसू शकतात. म्हणून फोटोखाली रंगाचे नाव व शेड नंबर लिहावा, आणि मोठ्या ऑर्डरीपूर्वी कापडाची कात्रण टपालाने पाठवावी.