मत्स्यव्यवसाय आणि नवागत विद्यार्थी

शालान्त परीक्षा समीप आली म्हणजे ‘पुढें काय?’ हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. वैद्य, वकील, कारकून अशीं नांवें घेतलीं जातात. मासळीचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. कांदिवलीच्या पश्चिमेस, चारकोपच्या पलीकडे, खाडी पसरली आहे. पैलतीरीं गोराई व मनोरी, दक्षिणेस मढ, भाटी व वेसावें हे जुने कोळीवाडे. जी कोळीण सकाळीं पाटी घेऊन आपल्या दारीं येते, तिच्यामागें केवढा उद्योग उभा आहे, याचा विचार आम्हीं येथें करण्याचें योजिलें आहे.

मासा पाण्याबाहेर आला कीं तो नासूं लागतो, आणि आपल्या उष्ण हवेंत तर फार त्वरेनें. म्हणून मासळीच्या वजनाइतका बर्फ घालून तिला शून्य अंशाजवळ ठेवावें लागतें. परदेशीं धाडावयाची मासळी गोठवून उणे १८ अंश किंवा त्याहून थंड राखावी लागते. बोंबलाच्या अंगीं पाणी फार, म्हणून तो बांबूंच्या मांडवावर उन्हांत सुकवितात. एवढें ध्यानीं घेतलें म्हणजे हा व्यवसाय केवळ जाळ्याचा नव्हे, हें सहज कळतें. बर्फाचा कारखाना, शीतगृह, सोलणें, प्रतवारी, जंतुपरीक्षा, निर्यातीचे कागदपत्र, यंत्रांची दुरुस्ती, अशीं किती तरी कामें त्यांत आहेत. १८७५ सालीं बांधलेल्या ससून गोदींत पहांटे उभें राहिल्यास त्यांतील बरींचशीं एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात.

आतां प्रवेशाचे मार्ग पाहूं. दहावी उत्तीर्ण झालेल्यास कोचीच्या केंद्रीय संस्थेंत मासेमारी जहाजाचें नौकानयन किंवा सागरी यंत्रकाम शिकतां येतें. ही संस्था १९६३ सालीं स्थापन झाली. तिच्या शाखा चेन्नई व विशाखापट्टणम् येथें आहेत. पुढें नेमलेली समुद्रसेवा करून सरकारी परीक्षा दिल्यास जहाजावरील अधिकाऱ्याची सनद मिळते. बारावींत विज्ञान घेतलेल्यास रत्नागिरीजवळ शिरगांव येथील महाविद्यालयांत चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी आहे. त्यापुढील उच्च शिक्षणासाठीं तर दूर जावयास नको; १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आपल्याच उपनगरांत, वेसावें येथें आहे. ज्यांस पदवी नको, त्यांनीं शीतगृहांत किंवा मासळी गोठविण्याच्या कारखान्यांत उमेदवारी करावी. स्वच्छता, वजन व हिशेब हीं तेथील पहिलीं तीन अक्षरें होत.

परंतु केवळ गोड चित्र रंगविणें हें शिक्षकधर्मास शोभणार नाहीं. समुद्र दरवर्षीं सारखें देत नाहीं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांची तरतूद आधींच करावी लागते. खलाशाची मिळकत पुष्कळदां वाट्यावर ठरते, आणि जाळें रिकामें आलें तर वाटाही रिकामाच. म्हणून पोहतां येत नसेल त्यानें होडीवर पाऊल ठेवूं नये. आणि ज्यानें तांडेलाच्या हाताखालीं कांहीं हंगाम काढले नाहींत, त्यानें कर्ज काढून होडी घेऊं नये.

आणखी एक गोष्ट सांगावयाची ती ही. हा धंदा कोळी बांधवांनीं पिढ्यान्पिढ्या जिवावर उदार होऊन राखिला आहे. भरती-ओहोटी व वारा यांचें त्यांचें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत पूर्णपणें उतरलेलें नाहीं. नवागतानें त्यांस गुरु मानावें, आणि आपली पुस्तकी विद्या त्यांच्या उपयोगीं आणावी. कोळीवाड्यांतून आमच्या वर्गांत येणाऱ्या मुलांनींही वडिलांचा धंदा सांगतांना मान खालीं घालूं नये. इतरांस जें चार वर्षें शिकावें लागतें, त्यांतील कितीसें तरी त्यांनीं घरींच पाहिलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, एखाद्या सुटीच्या दिवशीं मनोरीस किंवा वेसाव्यास जा, होड्या किनाऱ्यास लागतांना पाहा, विचारा, ऐका. मासळीच्या वासानें ज्याचें नाक मुरडतें, त्यानें दुसरा मार्ग धरावा. परंतु ज्याचें कुतूहल त्या वासाहून प्रबळ ठरेल, त्यास हा समुद्र परका वाटणार नाहीं.