झोप किती हवी?

आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांत पहाटे चारलाच दिवा लागतो. कुणाला पहिली लोकल गाठायची असते, कुणाला भाजी-फुले घेऊन बाजार गाठायचा असतो. त्याच घरात रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही चालू असतो. हिशेब केला तर झोप उरते साडेचार तास. 'आम्हांला सवय झालीय,' असे आपण थोड्या अभिमानानेच सांगतो.

ही सवय खरी असते का? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज जास्तीत जास्त सहा तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली. पण आपल्याला फारशी झोप येत नाही, असेच त्यांना वाटत राहिले. म्हणजे झोपेची उणीव आपली आपल्यालाच कळत नाही. मोटारसायकलवर डुलकी लागते तेव्हाच ती कळते.

प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या बालकांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास लागतात. म्हातारपणी झोप सावध होते, पण तिची गरज फारशी कमी होत नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना रात्री दोनपर्यंत जागवणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच.

चांगल्या झोपेसाठी आपण काय करावे? उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रविवारीसुद्धा. संध्याकाळचा चहा चारच्या आत घ्यावा; चहा-कॉफीतील कॅफिन पाच तासांनंतरही साधारण निम्मे अंगात असते. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते. मोबाईल उशाशी नकोच. पूर्वी रोझरी झाली, जेवणे झाली की घर शांत होई. आता रोझरीच मालिकेनंतर सरकली आहे! अंथरुणावर वीसेक मिनिटे तळमळत असाल तर उठून मंद उजेडात बसावे, झोप आली की परत पडावे. पहाटे उठणाऱ्यांनी दुपारी वीस मिनिटे पडायला हरकत नाही. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत.

एका गोष्टीकडे आपण हसण्यावारी पाहतो, ती म्हणजे घोरणे. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग माणूस दचकून श्वास घेतो आणि दिवसभर पेंगतो, हा आजार आहे. त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. पण रोग्याला स्वतःला ते कळत नाही. शेजारी झोपणाऱ्यालाच ते ऐकू येते. तेव्हा भगिनींनो, रात्री नवऱ्याचा श्वास असा थांबताना ऐकलात, तर त्याला डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन जा.