सिनेमा-मालिकांच्या नावावर विकला जाणारा माल : व्यापाऱ्याने काय ओळखावे?

गिऱ्हाईक दुकानात येऊन वस्तू विकत घेते असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळ वेळा ते वस्तूबरोबर एखादे नावही विकत घेत असते. लहान मुलाचा साधा टी-शर्ट आणि त्याच कापडाचा, त्याच शिलाईचा, पण छातीवर कार्टूनचे चित्र असलेला टी-शर्ट यांच्या भावात फरक असतो. हा फरक कापडाचा नसतो, त्या चित्राचा असतो. वह्या, दप्तरे, खेळणी, साड्या, दागिने, पुस्तके अशा कितीतरी वस्तू आज चित्रपट आणि दूरदर्शन मालिकांच्या नावावर खपतात. आपल्या समाजातील बरेच बंधू तयार कपडे, खेळणी, स्टेशनरी आणि कापडाच्या व्यापारात आहेत. म्हणून या व्यवहाराची माहिती करून घेणे आवश्यक आहे.

चित्रपट पाहावा की पाहू नये, हा या लेखाचा विषय नाही. तो प्रश्न उलेमांचा आहे. येथे प्रश्न एवढाच आहे की, ज्या नावावर माल विकला जातो ते नाव कोणाचे, आणि त्यात आपले मुद्दल किती सुरक्षित?

हा व्यापार कसा वाढला?

या धंद्याची मुळे अमेरिकेत सापडतात. १९३० च्या सुमारास वॉल्ट डिस्ने यांना एका गृहस्थाने शाळेच्या लिहिण्याच्या वह्यांवर मिकी माऊसचे चित्र छापण्यासाठी ३०० डॉलर दिले. पुढे १९३२ साली डिस्नेने के कामेन या व्यापारी माणसाकडे हे काम सोपवले आणि १९३३ साली इंगरसोल कंपनीचे मिकी माऊसचे घड्याळ बाजारात आले. कार्टून पडद्यावर काही मिनिटे दिसते, घड्याळ मात्र मनगटावर वर्षानुवर्षे राहते, हे या लोकांच्या ध्यानात आले.

खरी कलाटणी मिळाली ती १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाने. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी जास्त मेहनताना मागण्याऐवजी चित्रपटावरील वस्तूंचे हक्क आपल्याकडे ठेवले. त्या वेळी या हक्कांना फारशी किंमत नव्हती. खेळणी बनवण्याचा परवाना केनर कंपनीला मिळाला, पण नाताळपर्यंत माल तयार होऊ शकला नाही. तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याच्या पाकिटात एक प्रमाणपत्र घालून विकले. ते पाठवले की पुढच्या वर्षी खेळणी टपालाने घरी येणार! लोकांनी ही पाकिटेही घेतली. २०१२ साली डिस्नेने लुकास यांची कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकत घेतली. चित्रपट बनवणाऱ्यापेक्षा नावाचा मालक अधिक कमावतो, हे या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडची रीत

आपल्याकडे हा व्यवहार फार वर्षे बिनपरवान्याचा आणि बिनहिशेबाचा राहिला. १९५३ चा 'अनारकली' आणि १९६० चा 'मुगल-ए-आझम' हे चित्रपट होऊन गेले, आणि घेरदार लांब पेहरावाला बाजारात 'अनारकली' हे नाव कायमचे चिकटले. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' नंतर माधुरी दीक्षित यांच्या जांभळ्या साडीसारखी साडी गावोगावी मागितली गेली. २००५ च्या 'बंटी और बबली' नंतर कॉलरची आखूड कुर्ती आणि पटियाला सलवार दर्जी रात्रंदिवस शिवत होते. मराठीत २०१३ साली सुरू झालेल्या 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेमुळे जान्हवीचे मंगळसूत्र सराफांकडे मागितले जाऊ लागले.

पुस्तकांचेही तसेच. पूर्वी निर्माते चित्रपटाबरोबर कथासार आणि गाण्यांची छोटी पुस्तिका काढत. त्यात हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपी असत. आज त्याच पुस्तिका संग्राहक शोधत फिरतात. १९७५ च्या 'शोले' च्या संवादांची ध्वनिमुद्रिका पॉलिडॉर कंपनीने काढली आणि ती घराघरांत वाजली. कधी उलटेही घडते. भगवान गिडवानी यांची टिपू सुलतानवरील कादंबरी १९७६ साली आली आणि तिच्यावरून १९९० साली दूरदर्शनची मालिका सुरू झाली. विकास स्वरूप यांची २००५ ची कादंबरी 'क्यू अँड ए' ही २००८ च्या चित्रपटानंतर 'स्लमडॉग मिलियनेअर' या नावाने पुन्हा बाजारात आली. पुस्तक तेच, पण खप नव्या नावावर.

काय सर्वांचे आणि काय दुसऱ्याचे?

येथे व्यापाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे चाल. जांभळा रंग, कॉलरची कुर्ती, घेरदार पेहराव या सर्वसाधारण गोष्टी सहसा कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. अशी चाल पडद्यावर दिसली आणि आपण आपल्या कारागिराकडून तशी वस्तू बनवून घेतली, तर तो शतकानुशतके चालत आलेला बाजाराचा व्यवहार आहे. मात्र एखाद्याने विशिष्ट नक्षी डिझाइन कायदा, २००० अन्वये नोंदवली असेल, तर ती प्रथम १० वर्षे आणि नंतर आणखी ५ वर्षे त्याचीच राहते. कापडवाल्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १५ लक्षात ठेवावे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने त्याचे ५० पेक्षा जास्त नग यंत्रावर निघाले, तर त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. म्हणजेच आपण स्वतः नवीन नक्षी काढली असेल, तर माल बाजारात नेण्यापूर्वीच ती नोंदवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. चित्रपटाचे नाव, त्याची विशिष्ट अक्षरे, कार्टूनचे चित्र, नटाचा चेहरा, पोस्टर, संवाद या गोष्टींना मालक असतो. त्या लेबलवर, खोक्यावर किंवा कापडावर छापणे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचा व्यापार करणे. कलम १५ ची सवलत येथे लागू आहे असे कोणी समजू नये. कार्टूनचे चित्र किंवा पोस्टर हे मुळात कापडाचे डिझाइन म्हणून बनलेले नसते. खोटे व्यापारचिन्ह लावणे किंवा कॉपीराइटचा जाणूनबुजून भंग करणे यासाठी कायद्यात ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

न्यायालयांनी काय म्हटले?

दिल्ली उच्च न्यायालयाचे तीन निकाल व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत.

'शोले' चे नाव संकेतस्थळासाठी आणि त्या चित्रपटातील दृश्ये व नावे असलेल्या वस्तूंसाठी वापरणाऱ्यांविरुद्ध मालकांनी दावा केला होता. २०२२ साली न्यायालयाने हा वापर बंद करण्याचा आणि २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. चित्रपट ४७ वर्षांचा जुना झाला तरी नाव मोकळे होत नाही, हा यातील धडा.

२०१० च्या निकालात गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या व गाणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्या दुकानदारांना न्यायालयाने मनाई केली आणि १ लाख रुपये भरपाई ठरवली. दावा विक्रेत्यांवर झाला होता, हे ध्यानात घ्यावे. 'आम्ही कुठे बनवले, आम्ही तर फक्त विकले' हे उत्तर पुरत नाही.

तिसरा निकालही २०१० चाच. 'नॉडी' हे एनिड ब्लायटन यांच्या पुस्तकांतील पात्र, जे पुढे दूरदर्शनवरही आले. या नावाने भारतात मुलांचे तयार कपडे विकणाऱ्या एका कंपनीविरुद्ध परदेशी मालकाने दावा केला. परंतु भारतात या मालासाठी आपण ते नाव आधीपासून वापरत होतो, हे त्याला सिद्ध करता आले नाही आणि दावा फेटाळला गेला. यावरून कोणी नक्कल चालते असा अर्थ काढू नये. याचा अर्थ इतकाच की, नावाचा वापर आणि नोंदणी कोणाची आधी, याला न्यायालयात फार वजन आहे.

परवान्याचा हिशेब

रीतसर मार्ग म्हणजे परवाना घेणे. मालक आपल्या नावाचा वापर ठराविक वस्तूंसाठी, ठराविक प्रदेशात आणि ठराविक मुदतीपर्यंत करू देतो. त्याबद्दल विक्रीवर टक्केवारीने रॉयल्टी घेतो. बहुतेक करारांत किमान हमी रक्कम असते, म्हणजे माल खपो अथवा न खपो, तेवढे पैसे द्यावेच लागतात. याच कलमात नवा माणूस बुडतो.

समजा, टी-शर्टचा ठोक भाव २०० रुपये, रॉयल्टी ८ टक्के आणि किमान हमी ४ लाख रुपये आहे. एका नगामागे रॉयल्टी १६ रुपये झाली. ४ लाख भरून निघण्यासाठी २५,००० नग खपले पाहिजेत. खपले १०,००० च, तर टक्केवारीने १ लाख ६० हजारच होतात, पण द्यावे लागतात ४ लाख. म्हणजे एका नगामागे १६ च्या जागी ४० रुपये पडले. या २४ रुपयांत आपला नफा गेला. म्हणून लहान व्यापाऱ्याने स्वतः परवाना घेण्यापेक्षा परवानाधारक उत्पादकाकडून पक्क्या बिलावर माल घ्यावा. भाव थोडा जास्त पडेल, पण झोप शांत लागेल.

माल किती भरावा?

परवाना असला तरी माल खपेलच असे नाही. १९८२ साली 'ई.टी.' हा चित्रपट अफाट चालला. अटारी कंपनीने मोठी रक्कम मोजून त्याच्या नावाचा हक्क घेतला, नाताळ गाठण्यासाठी अवघ्या पाच आठवड्यांत व्हिडिओ गेम बनवून घेतला आणि भरमसाट माल काढला. माल पडून राहिला. १९८३ साली त्यातील काही माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आला आणि २०१४ साली तो उकरल्यावर जगाने पाहिला. चित्रपट चांगला होता, नाव खरे होते, परवाना पक्का होता. चुकला तो वस्तूचा दर्जा आणि मालाचा अंदाज.

आपल्या बाजाराला हेच लागू आहे. ग्रे कापड घेणे, छपाई, शिलाई, वाहतूक यांत आठवडे जातात. पूर्वी चित्रपट २५ आठवडे चालून रौप्यमहोत्सव करत. आता बहुतेक चित्रपटांची मोठी कमाई पहिल्या काही आठवड्यांतच आटोपते. आपला माल दुकानात पोहोचेपर्यंत पडद्यावर दुसरे नाव आलेले असते. मालिका रोज घरात दिसते आणि वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे तिची मागणी सावकाश चढते व सावकाश उतरते. म्हणून चित्रपटाच्या चालीचा माल थोडा घ्यावा, रोखीने घ्यावा आणि नाव उतरल्यावरही साधा माल म्हणून विकता येईल असाच घ्यावा. जांभळी साडी चित्रपट विसरल्यावरही जांभळी साडी म्हणून जाते. नटाचा चेहरा छापलेला टी-शर्ट मात्र कोणी फुकटही नेत नाही.

अमानतीचा प्रश्न

काही बंधू म्हणतात की, नाव किंवा चित्र ही हाताने धरता येणारी वस्तू नाही, मग त्यात चोरी कसली? या प्रश्नाचा विचार इस्लामी विद्वानांनी केलेला आहे. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात असा निर्णय दिला की, व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध हे त्यांच्या मालकांचे हक्क आहेत, त्यांना आर्थिक मूल्य आहे आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे शरीअतनुसार जायज नाही. शिवाय नकली माल 'कंपनीचा' म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची उघड फसवणूक आहे. त्यात बरकत कोठून येणार?

यात भरडला जातो तो लहान माणूस. ईदच्या सीझनला एका किरकोळ दुकानदाराने कार्टूनच्या टी-शर्टांचा मोठा लॉट कच्च्या चिठ्ठीवर उचलला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. न्यायालयाने नेमलेले कमिशनर आले आणि माल सील झाला. ठोक व्यापाऱ्याने हात झटकले, कारण त्याच्या नावाचे बिलच नव्हते. छापणाऱ्याने आपले पैसे आधीच घेतले होते. बुडाले ते दुकानदाराचे मुद्दल, आणि तेही उधारीचे.

हे ध्यानात ठेवावे

१) नाव, चित्र किंवा चेहरा असलेला माल घेताना परवान्याची प्रत मागावी. त्यात वस्तू, प्रदेश आणि मुदत वाचावी.
२) पक्के बिल घ्यावे. बिलावर मालाचे पूर्ण वर्णन असावे.
३) मुदत संपल्यावर उरलेला माल किती दिवस विकता येतो, हे आधी विचारून घ्यावे.
४) चाल घ्यावी, ओळख घेऊ नये. गिऱ्हाईक तोंडाने काहीही नाव घेवो, लेबलवर आपलेच नाव असावे.
५) आपले नाव नोंदवावे. कापडासाठी वर्ग २४ आणि तयार कपड्यांसाठी वर्ग २५ आहे. व्यक्ती व लघुउद्योगासाठी संगणकाद्वारे अर्ज केल्यास प्रत्येक वर्गामागे शुल्क ४,५०० रुपये असून नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे वाढवता येते.

या शेवटच्या मुद्द्याकडे व्यापारी बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे यंत्रमागावर लाखो मीटर कापड विणले जाते, पण त्यातील पुष्कळ कापड दुसऱ्याच्या नावाने विकले जाते. मिकी माऊसची किंमत एके काळी ३०० डॉलर होती. नावाला किंमत येते ती सांभाळल्याने, आणि कपड्याच्या व्यापारात सांभाळणे म्हणजे रंग न जाणे, माप पुरे भरणे आणि दिलेला शब्द पाळणे. दुसऱ्याच्या नावावर चार दिवस कमावण्यापेक्षा आपल्या नावाला दहा वर्षे द्यावीत. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि व्यवहारात दयानत देवो. आमीन.