न आटणारी गाय

गुरांच्या बाजारात हेडी गिऱ्हाइकाला कास दाखवतो, सडांची ठेवण दाखवतो, समोर धार काढून चरवी फेसाने भरून दाखवतो, आणि हे सर्व करीत असता गाय शेवटची व्याली केव्हा, या एका प्रश्नाला मात्र मोठ्या सफाईने बगल देतो. ज्या इसमाने मला ती काळी-पांढरी संकरित गाय दोन महिन्यांची गाभण म्हणून विकली, त्याची मुख्य शिफारस अशी होती की, "मालक, ही आटतच नाही; बारमाही दूध!" चारचौघांदेखत काढलेले हे उद्गार मी येथे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे त्यांतील एकही शब्द आपला नसल्याचे तो सांगू लागला, आणि सौद्याचे साक्षीदार त्याच्याच पंगतीतले निघाले.

पशुवैद्यांनी हात घालून तपासले तेव्हा गर्भाशय रिकामे निघाले. त्यांनी गाईच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक मोबाइलवर टाकला, नोंद वाचली आणि काहीएक न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. गाय व्यायला दीड वर्ष उलटून गेले होते. रेतनाच्या नोंदी एकीखाली एक लागल्या होत्या, आणि गर्भधारणेची नोंद एकही नव्हती. हेड्याने जो गुण म्हणून मिरवला तो दोषाचाच पुरावा होता: गाय आटत नव्हती, कारण ती गाभणच राहत नव्हती. तेरा-चौदा महिन्यांच्या अंतराने विणारी गाय प्रसूतीपूर्वी दोनेक महिने भाकड राहते, किंबहुना तशी ठेवावीच लागते. वर्षावर वर्ष जिची धार तुटत नाही तिचे पुढचे वेत कोठे तरी अडलेले असते, आणि वेत अडले की आज ना उद्या दूधही सरते.

मी जाब विचारला तेव्हा त्या गृहस्थाने प्रथम माझ्या वैरणीला दोष दिला, नंतर गोठ्याच्या वास्तूला, आणि अखेरीस आपल्या कृषी-पदवीधर पुतण्याला पुढे केले. पुतण्याचे म्हणणे असे की, दुधात आनुवंशिकतेचा वाटा शेकडा ३० च्या आसपास असला तरी गर्भधारणेत तो शेकडा ५ च्याही आत भरतो, सबब बाकीचा सर्व दोष पाळणाऱ्याचा. आकडे खरे आहेत. त्यांवरची मखलाशी खोटी आहे. त्याच दावणीला, त्याच वैरणीवर माझ्या गीर-संकरित गाई बिनतक्रार फळत होत्या, ही गोष्ट तूर्त बाजूस ठेवू. हा वाटा लहान दिसतो, याचे कारण उन्हाळा, खुराक, हुकलेला माज अशा इतर कारणांचा पसारा फार मोठा आहे. एका वळूच्या मुली आणि दुसऱ्याच्या मुली यांत फरक नसतो असा त्याचा अर्थ होत नाही. अमेरिकेत होल्स्टीन गाईंची निवड कित्येक दशके दुधावर नजर ठेवून झाली, आणि दूध चढत असताना गर्भधारणा घसरत गेली, कारण या दोन गुणांचा आनुवंशिक संबंध बराचसा परस्परविरोधी आहे. २००३ साली तेथे वळूच्या मुली किती सहज गाभण राहतात याचेही मूल्यमापन सुरू झाले आणि पुढे ती घसरण थांबली. आनुवंशिकता निष्प्रभ असती तर ना ती घसरण झाली असती, ना ती थांबली असती. १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या वळूच्या सुमारे १६,००० मुली झाल्या. त्याच्या वंशाने दूध अमाप वाढवले आणि त्यासोबत एक घातक जनुकदोषही पसरवला. माता-पिता दोघेही या दोषाचे वाहक असले तर सरासरी चारांतील एक गर्भ पोटातच मरतो, आणि त्यापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत असा संशोधकांचा अंदाज आहे. पुतण्याच्या अभ्यासक्रमातून हे प्रकरण बहुधा वगळले असावे.

आता गाय घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी. बिल्ल्याचा क्रमांक आपल्या माणसाकडून तपासून शेवटच्या विण्याची तारीख आणि त्यानंतरची रेतने पाहावीत. बिल्ला नुकताच मारलेला आणि कानाची जखम ओली दिसली तर सौदा तेथेच मोडावा. दातांवरून वय आणि वयावरून वेतांची संख्या पडताळावी. नर वासराबरोबर जुळी जन्मलेली कालवड कितीही देखणी असली तरी घेऊ नये. अशा दहांतील नऊहून अधिक वांझ निघतात. आपल्या हवेत होल्स्टीनचे रक्त अर्ध्याच्या आसपास असलेले बरे, त्याचा हव्यास धरू नये. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने घडवलेल्या फुले त्रिवेणीतही होल्स्टीन निम्माच आहे, उरलेल्यात जर्सी आणि गीर. रेतन झाल्यावर वीर्याची रिकामी कांडी मागून घ्यावी आणि तिच्यावरील वळूचा क्रमांक वहीत उतरवावा, म्हणजे बापाचीच कांडी लेकीला पडणार नाही. वळूच्या आईचे दूध सांगितले जाते. त्याच्या मुली कितव्या रेतनाला राहतात, हेही विचारावे. बाकी खनिज मिश्रण द्यावे, गोठा कोरडा ठेवावा, सकाळ-संध्याकाळ माज पाहावा, हे सर्वजण सांगतात आणि मी ते करीतच होतो.

सर्वांत महत्त्वाचे ते पैशाचे. गाभण म्हणून गाय घेतल्यास केवळ इसारा द्यावा आणि उरलेली रक्कम स्वतःच्या पशुवैद्याच्या तपासणीपर्यंत तहकूब ठेवावी. माझे पैसे अद्याप परत आलेले नाहीत, आणि त्याला कारण एवढेच पुढे केले जाते की पावतीवर 'गाय नग एक' असे आहे, 'गाभण' असे नाही. तुम्ही तो शब्द विकणाऱ्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. त्याने हात आखडला तर तुमचे उत्तर तुम्हाला फुकटात मिळाले.