रुग्णनोंदींची दूरची प्रत

२०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा बडोद्यातील अनेक वैद्यकबंधूंप्रमाणे माझ्याही तळमजल्यावरील निदानकेंद्रात पाणी शिरले. यंत्रांची जी हानी झाली ती विम्याच्या कागदांत नोंदली गेली. ज्या छोट्याशा पेटीत सोळा वर्षांची सीटी, क्ष-किरण व सोनोग्राफीची चित्रे साठविलेली होती, ती पेटीही गाळात सापडली. मात्र त्या चित्रांची संपूर्ण प्रत इंदुरास, माझ्या धाकट्या बंधूंच्या घरी माळ्यावर, सुरक्षित होती. केंद्र पुन्हा उघडले त्या दिवशी पहिल्याच रुग्णाची जुनी तपासणी आम्ही तेथून मागवून पाहू शकलो.

हे वाचून प्रस्तुत लेखक फार दूरदृष्टीचा आहे असा कोणाचा समज होऊ नये. ही शहाणीव मला पुराने दिली नाही. ती त्यापूर्वीच एका चुकीने दिली होती, आणि त्या चुकीची किंमत मला नव्हे, एका रुग्णास मोजावी लागली. म्हणून व्यवस्थेचे वर्णन करण्यापूर्वी ती हकिगत सांगणे भाग आहे.

चित्रे साठविण्याच्या पेटीला बाजारात नॅस म्हणतात. दोन वा चार डिस्क बसविलेला तो एक लहान सर्व्हर असतो व केंद्रातील सर्व संगणक त्याच्याशी जोडलेले असतात. पुराच्या काही वर्षे आधी मी एका तंत्रज्ञाकडून असा सर्व्हर बसवून घेतला आणि इंदूरच्या घरी तसाच दुसरा ठेवला. रोज रात्री अडीच वाजता इकडची चित्रे तिकडे जात. नवे ते जोडले जाई आणि येथून जे पुसले जाई ते तेथूनही पुसले जाई, म्हणजे दोन्ही ठिकाणे आरशासारखी एकरूप राहत. मला ही रचना फार नामी वाटली होती. एके रात्री वीज गेली व परतताना दाबाच्या झटक्याने येथील डिस्क निकामी झाल्या. सर्व्हर सुरू झाला, परंतु डिस्क जोडल्या गेल्या नाहीत, आणि चित्रांच्या जागी नुसता रिकामा फोल्डर उरला. अडीच वाजता नेमलेला आज्ञासंच नेमाप्रमाणे जागा झाला. त्याने पाहिले की बडोद्यास एकही फाईल नाही. तेव्हा त्याने इंदूरच्याही सर्व फायली पुसल्या. त्याच्या दृष्टीने कोठेही चूक झालेली नव्हती, त्यामुळे त्याने कसलीही तक्रार नोंदविली नाही.

दोन महिन्यांनी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. फुफ्फुसात सुमारे ९ मिलिमीटरची गाठ दिसत होती. चार वर्षांपूर्वी त्यांचे सीटी आमच्याकडेच झाले होते. घन स्वरूपाची गाठ दोन वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली असेल तर ती सहसा निरुपद्रवी असते, हे येथे वाचकांस सांगावयास नको. जुने चित्र शेजारी ठेवले असते तर दोन मिनिटांत निर्णय झाला असता. ते नव्हते. त्यांनीही फिल्म जपून ठेवली नव्हती, कारण डॉक्टरांकडे आहेच, असा त्यांचा विश्वास. अखेर सुईने तुकडा काढावा लागला, त्यातून छातीत हवा साठली आणि तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले. अहवाल आला : जुन्या क्षयाची भरलेली खूण. ते गृहस्थ माझ्यावर रागावले नाहीत. गुजरात्यांच्या सौजन्याने त्यांनी उलट पेढे आणले. ते मला घशाखाली उतरेनात.

यातून जो भेद मला कळला तो असा की समक्रमण आणि राखीव प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. समक्रमण दोन ठिकाणे सारखी ठेवते, राखीव प्रत कालची स्थिती आज परत देते. आमच्या गावच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची संशोधित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सिद्ध केली, ती अनेक हस्तलिखिते ताडून पाहूनच. सर्व पोथ्या एकाच सदोष पोथीवरून उतरविलेल्या असत्या तर ताडण्यास उरलेच काय असते? प्रामाणिक नकलनवीस चूकही प्रामाणिकपणे उतरवितो. आपल्या संगणकात चूक केवळ डिस्क बिघडल्याने येते असेही नाही. खंडणी मागणारे विषाणू फायली कुलूपबंद करतात, आणि त्या कुलूपबंद फायली रात्री आज्ञाधारकपणे दूरच्या प्रतीवरही लिहिल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला तेव्हा देशातील त्या अग्रगण्य संस्थेचे कामकाज अनेक दिवस कागदावर चालले होते.

आता रचनेकडे वळू. यासाठी मी वापरतो त्या साधनाचे नाव आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ साली ऑस्ट्रेलियात सिद्ध केले. ते विनामूल्य आहे व बहुतेक साठवण-सर्व्हरांत ते आधीच बसविलेले असते. त्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. प्रथम ते प्रत्येक फाईलचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी आहे का एवढेच पाहते, सारखी असल्यास पुढे जाते. भिन्न असल्यास घेणारा संगणक आपल्याजवळील जुन्या फाईलचे ठराविक लांबीचे तुकडे पाडतो व प्रत्येक तुकड्याची आकडेरूप खूण देणाऱ्याकडे पाठवितो. देणारा आपल्या नव्या फाईलवरून एकेक अक्षर सरकत त्या खुणा शोधतो आणि जो भाग जुळत नाही तेवढाच पाठवितो. सीटीची चित्रे एकदा निघाली की बदलत नाहीत, त्यामुळे तेथे या दुसऱ्या युक्तीचा फारसा उपयोग नाही. रुग्णनोंदींच्या डेटाबेसला मात्र ती वरदान आहे, कारण रोज त्यातील थोडाच भाग बदलतो. डेटाबेसची प्रत दाबून लहान केलेल्या स्वरूपात ठेवली तर हा लाभ जातो, कारण आत एक ओळ बदलली तरी दाबलेल्या फाईलचे बहुतेक सर्व अंतरंग बदलते. येथे काटकसर महाग पडते.

डेटाबेसविषयी आणखी एक. चालू असलेल्या डेटाबेसच्या फायली थेट उतरवू नयेत. अर्धी प्रत दोन वाजून एकतीस मिनिटांची आणि अर्धी चौतीस मिनिटांची असली तर ती उघडेलच याचा भरवसा नसतो. दीड वाजता त्या प्रणालीच्याच आज्ञेने एक पूर्ण प्रत वेगळ्या फोल्डरात काढावी व अडीचला ती न्यावी.

किती वेळ लागतो हा प्रश्न सर्वजण विचारतात. सीटीचे एक चित्र ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे, प्रत्येक बिंदूस दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. चारशे चित्रांची तपासणी सुमारे २०० एमबी. आमचे दिवसाचे एकूण काम ४ जीबीच्या आसपास भरते. पाठविण्याचा वेग २० एमबीपीएस असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला २ एमबी जातात असे धरावे, म्हणजे रोजचे काम अर्ध्या तासाहून थोडे अधिक वेळात उरकते. मात्र आरंभीच्या ९०० जीबीस याच हिशेबाने पाच दिवसांहून अधिक अखंड वेळ लागला असता. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन मी अवंतिका एक्स्प्रेसने स्वतः इंदुरास नेऊन दिली. बंधूंच्या हातचे पोहेही झाले.

वेळ नेमण्याचे काम क्रॉन नावाची सेवा करते. तिला पाच गोष्टी क्रमाने सांगावयाच्या असतात : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रोज रात्री अडीच म्हणजे तीस, दोन, आणि उरलेल्या तिन्ही जागी तारकाचिन्ह. हल्लीच्या सर्व्हरांत हे पडद्यावर निवडूनही करता येते. येथे एक गंमत घडली ती सांगतो. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी आठ वाजता केंद्रातील इंटरनेट मरगळत असे. सर्व्हरचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होते, आणि तेथील अडीच म्हणजे आपले सकाळचे आठ. घड्याळाचा विभाग आधी तपासावा. त्याचप्रमाणे आदल्या रात्रीचे काम संपलेले नसेल तर दुसरे सुरू होऊ नये, यासाठी कुलपाची सोय असते, ती करून घ्यावी.

आमच्या जुन्या व नव्या रचनेतील मुख्य फरक दिशेचा आहे. पूर्वी बडोद्याचा सर्व्हर इंदुरास पाठवीत असे, म्हणजे इंदूरची किल्ली बडोद्यास होती. येथे शिरलेल्या चोरास तेथेही शिरता आले असते. आता इंदूरचा सर्व्हर येऊन घेऊन जातो, आणि त्याला येथे केवळ वाचण्याचा अधिकार आहे. बडोद्यास इंदूरची कोणतीही किल्ली नाही. दोहोंमधील वाट व्हीपीएनच्या बंद बोगद्यातून जाते. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे हे शस्त्रक्रियागृहाचे दार रस्त्यावर उघडण्यासारखे आहे. २०२२ साली डेडबोल्ट या खंडणी-विषाणूने अशाच उघड्या साठवण-सर्व्हरांना हेरले होते.

दुसरा फरक प्रतींचा. इंदुरास रोजची स्थिती स्वतंत्र तारखेने राखली जाते. न बदललेली फाईल पुन्हा लिहिली जात नाही, जुन्या प्रतीकडे नुसता दुवा दिला जातो. त्यामुळे तीस दिवसांच्या तीस प्रतींना तीसपट जागा लागत नाही. दैनिक तीस, मासिक बारा, असे आम्ही ठेवतो. पुसण्याच्या आज्ञेस मर्यादा घातली आहे : एका रात्री पन्नासपेक्षा अधिक फायली नाहीशा होऊ लागल्या तर आणखी काही पुसू नये व मला संदेश यावा. शिवाय बडोद्याच्या डिस्कवर एक खुणेची छोटी फाईल आहे. ती दिसली नाही तर डिस्क जोडलेलीच नाही असे समजून काम सुरूच होत नाही. माझ्या त्या रात्री एवढी एक फाईल असती तर पुरे होते.

बंधूंच्या घरी परक्या माणसांच्या आजारांची चित्रे आहेत याचे दडपण मला वाटते. त्या डिस्क कूटबद्ध आहेत व परवलीचा शब्द त्या घरात कोणास ठाऊक नाही. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. पण या दोहोंच्या आधीपासून गुप्ततेची शपथ आपण घेतलेली आहेच.

संदेशाविषयी एक सूचना. काम बिघडल्यावर पत्र यावे अशी व्यवस्था पुरेशी नाही, कारण सर्व्हरच बंद पडला तर पत्र पाठविणार कोण? आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता यशाचे दोन ओळींचे पत्र येते : किती फायली आल्या, किती गेल्या, निकालाचा अंक काय. शून्य म्हणजे ठीक, तेवीस म्हणजे काही फायली राहिल्या. पत्र आले नाही तर स्वागतकक्षातील ताई मला फोन करतात. त्यांना आरसिंक म्हणजे काय हे माहीत नाही, पण चहाबरोबर ते पत्र पाहण्याचा त्यांचा नेम आजवर चुकलेला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नोंदवहीतून डोळे मिटून एका रुग्णाचे नाव काढतो आणि त्याची तपासणी इंदूरच्या प्रतीतून मागवून उघडून पाहतो. मागील वर्षी एकदा चित्र आले पण अहवाल आला नाही. अहवालांचा फोल्डर एका सहकाऱ्याने नवे नाव देऊन हलविला होता आणि ते नाव यादीत घालावयाचे राहिले होते. अकरा दिवसांचे अहवाल बाहेर राहिले होते. त्याच दुपारी ते जोडून घेतले.