बातमीचे चित्रण

इसवी सन १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर दोन पैलवानांची कुस्ती झाली. ती चित्रणासाठीच योजलेली होती. तिचे चित्रण करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे मुंबईतील एक छायाचित्रकार. ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ १८९६ साली मुंबईस झाले. त्यांनी भारून जाऊन सावे दादांनी विलायतेहून २१ गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला होता.

डिसेंबर १९०१ मध्ये मात्र निराळाच प्रसंग आला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वदेशी परतले आणि मुंबईत त्यांचे थाटात स्वागत झाले. सावे दादांनी ते टिपले. हिंदुस्थानातील पहिला वार्तापट म्हणून पुष्कळ अभ्यासक याच चित्राचा निर्देश करतात. पैलवानांना ‘पुन्हा एकदा पकड घ्या’ असे सांगता आले असते. परंतु विलायतेहून परतलेल्या विद्वानास पुन्हा एकदा परतावयास कोण सांगणार? त्यातच, त्या काळच्या कॅमेऱ्यात बसणारी फीत मिनिटभरातच संपे. म्हणून पाहुणे कोणत्या बाजूने येतील, ऊन कोणीकडे असेल, या सर्वांचा विचार मूठ फिरविण्यापूर्वीच करावा लागे.

आज फितीची अडचण उरलेली नाही. खिशातील मोबाइलवर तासन्‌तास चित्रण करता येते. म्हणून काम सोपे झाले असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. पूर्वी बातमीदार, कॅमेरा चालविणारा आणि ध्वनी सांभाळणारा अशी निरनिराळी माणसे असत. आता पुष्कळदा हे तिन्ही भार एकाच व्यक्तीच्या खांद्यावर पडतात. आणि घटना तर पूर्वीसारखीच एकदाच घडते.

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात, तो सोहळा घ्या. समजा, एखादी तरुण वार्ताहर त्यासाठी एकटीच निघाली आहे. ती आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवते : बातमी काय, ती कोणाची, आणि कोणती दृश्ये मिळाली नाहीत तर ती अपुरी राहील. पावसाचे दिवस, म्हणून मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी आणि भिंग पुसावयास कोरडे फडके ती बरोबर घेते. पालखी येण्यापूर्वी बराच वेळ ती घाटावर पोहोचते आणि गर्दीपलीकडचे दिसेल अशी उंच जागा हेरते. चित्रणाच्या मध्येच कोणाचा फोन येऊ नये, याचीही व्यवस्था करते.

मग दृश्ये. नवशिका माणूस मोबाइल सारखा इकडून तिकडे फिरवितो आणि घरी आल्यावर त्याला एकही दृश्य उपयोगी पडत नाही. ही मात्र मोबाइल आडवा धरते, कोपर अंगाशी टेकविते आणि प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर ठेवते. आधी दुरून सारा घाट, मग वारकऱ्यांचा एक घोळका, मग टाळ वाजविणारे नुसते हात. जवळ जावयाचे असेल तर ती पायांनी जाते; काचेतून दृश्य ओढून घेतले की ते थरथरते.

एखाद्या वृद्ध वारकऱ्याशी बोलताना ती प्रथम त्यांचे नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून नोंदविते. बोलून झाल्यावर, जवळ उभे राहून ऐकणाऱ्यांचे चेहरेही टिपते. याचे कारण जाणण्यासारखे आहे. मुलाखतीतील मधली वाक्ये गाळली की बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावर एकदम उडी मारल्यासारखा हलतो. त्या ठिकाणी ऐकणाऱ्यांचे दृश्य घातले की जोड झाकला जातो. मात्र गाळलेल्या वाक्यांनी बोलण्याचा अर्थच फिरत असेल, तर तसा जोड झाकणे ही लबाडी होय. घाटाच्या कडेस बायाबापड्या स्नान करीत असतात. तिकडे ती कॅमेरा वळवीत नाही.

पादुका पाण्याशी येतात. ‘माउली, माउली’चा गजर उठतो आणि नेमकी त्याच क्षणी कोणाची तरी छत्री आडवी येते. छत्री दूर होईपर्यंत पादुका पाण्याबाहेर आलेल्या असतात. ती मोबाइल हलवीत नाही. गजर सलग नोंदला जाऊ देते, आणि मग पाण्यात उभ्या असलेल्या एका बाईच्या जोडलेल्या हातांवर तो स्थिर करते.

गर्दी ओसरल्यावर ती काठावर बसून सारे पुन्हा पाहते. स्नानाचे दृश्य अर्धेच आले आहे. बातमी लिहिताना ‘स्नान झाले’ या वाक्याखाली गजराचा आवाज आणि ते हात, असे ती वहीत टिपून ठेवते. तोवर पालखी लोणंदच्या वाटेला लागलेली असते.